शोरूमचं कोटेशन कसं वाचायचं

प्रश्न (नाशिक): 1197 सीसीची पेट्रोल गाडी ठरवली आहे. एक्स-शोरूम किंमत 9,50,000 रुपये. कोटेशनमध्ये आरटीओ 1,21,000, विमा 54,000, हँडलिंग 8,500 आणि बेसिक किट (ॲक्सेसरीज) 18,000 लावलंय. विमा आणि किट आमच्याकडूनच घ्या, नाहीतर गाडीला तीन महिने लागतील, असं सांगतात. यातलं काय द्यायलाच हवं?

उत्तर: एक्स-शोरूम किंमत, सरकारी भरणा आणि विमा. विमा कुणाकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं.

आधी आरटीओचा आकडा तपासा, कारण तो सरकारी समजून सहसा कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी 11 टक्के कर आहे. तुमचे झाले 1,04,500. नोंदणीचे 600, कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे 1,500, स्मार्ट कार्डाचे 200. उपकर आणि टपाल धरलं तरी सगळं 1,10,000 च्या आत बसतं. पसंतीचा नंबर घेतला नसेल, तर वरचे अकरा हजार सरकारकडे जात नाहीत. सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी पोर्टलवरची भरणा पावती मिळेल आणि फरक परत होईल, हे बुकिंगच्या आधी मेलवर लिहून घ्या.

हँडलिंगला कुठल्याही कायद्याचा आधार नाही. कारखान्यातून शोरूमपर्यंतची वाहतूक एक्स-शोरूम किमतीतच असते. पूर्ण बांधणीची नवी गाडी 2021 पासून तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही, कागद ऑनलाइन जातात. या रकमेची स्वतंत्र पक्की पावती मागा. बऱ्याचदा तेवढ्यावरच ती ओळ कोटेशनमधून निघते.

विम्यात डीलरला चांगलं कमिशन सुटतं, म्हणून आग्रहही तिथेच जास्त. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे. 1000 ते 1500 सीसीसाठी 1 जून 2022 पासूनच्या दराने तो 10,640 रुपये अधिक जीएसटी, कुठल्याही कंपनीकडे तेवढाच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या एका वर्षाच्या विम्यात आणि ॲडऑनमध्ये, म्हणजे त्यावरच्या जादा संरक्षणांमध्ये. बाहेरचे तीन कोट घ्या, पण आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखा ठेवा: नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या 95 टक्के, म्हणजे तुमच्याकडे 9,02,500. स्वस्त दिसणाऱ्या कोटमध्ये हाच आकडा खाली ओढलेला असतो. जुनी गाडी विकली असेल तर तिच्या विमा कंपनीकडून एनसीबीचं (क्लेम न केल्याबद्दलच्या सुटीचं) पत्र घ्या. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट नव्या गाडीला लागते, आणि डीलर ते आपणहून सांगेल याची खात्री नाही. ‘बाहेरचा विमा असेल तर कॅशलेस मिळणार नाही’ हे सरसकट खरं नसतं. विमा कंपनीच्या गॅरेज यादीत ते वर्कशॉप आहे का, एवढंच पाहा.

गाडं अडतं ते चासी नंबरवर. पॉलिसीला चासी आणि इंजिन नंबर लागतो, आणि डीलर तो डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी देतो. मुहूर्त ठरलेला असतो, मग माणूस मुकाट सही करतो. म्हणून कोट आधीच तयार ठेवा, नंबर मिळताच पैसे भरा. पॉलिसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव बरोबर हवं, नाहीतर नोंदणी अडकते.

किटची सक्ती सरळ बेकायदा आहे. एक वस्तू घ्यायची तर दुसरीही घ्या, ही अट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार निर्बंधित व्यापार प्रथा ठरते. कोटेशन जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, आणि मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तरच फी माफ असल्याने गाडीच्या तक्रारीला थोडी फी पडेल. लवकर गाडी देतो म्हणून रोखीत ‘ऑन’ (किमतीवर जादा पैसे) मागितला तर देऊ नका. त्या पैशांचा पुरावा राहत नाही आणि बुकिंग रद्द झालं तर ते परत मिळत नाहीत.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): गाडीच्या खिडकीवर चिकटवलेल्या किमतीशेजारी दुसरा कागद लावून डीलर 4,000 डॉलर ‘मार्केट ॲडजस्टमेंट’ मागतो. हे चालतं का?

उत्तर: चालतं. अमेरिकेच्या 1958 च्या कायद्याने खिडकीवरचा कागद सक्तीचा केला, पण त्यावरची किंमत कंपनीने सुचवलेली असते, डीलरवर बंधनकारक नाही. मात्र त्या 4,000 वर 6.625 टक्के विक्रीकर, म्हणजे आणखी 265 डॉलर जातात, आणि कर्ज काढलं तर व्याजही. शिवाय गाडी विकताना हे पैसे कुणी देत नाही.

आसपासच्या राज्यांतल्या आठ-दहा डीलरना एकच मेल पाठवा: मॉडेल, ट्रिम (मॉडेलचा प्रकार), चालतील ते दोन रंग, आणि कर व सगळी फी धरून ‘आउट द डोअर’ किंमत किती? ती लेखी न देणाऱ्याला सोडून द्या. कंपनीची वाहतूक फी खिडकीवरच्या किमतीत धरलेली असते, ती पुन्हा लावू देऊ नका. डॉक फीला (डीलरच्या कागदपत्रांच्या फीला) न्यूयॉर्कमध्ये 175 डॉलरची मर्यादा आहे, न्यू जर्सीत तशी नाही. तुम्ही गाडी न्यू जर्सीत नोंदवणार, तेव्हा कर तिथलाच लागतो. गाडी कुठून आणली याने तो बदलत नाही. कर्ज क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेकडून) आधी मंजूर करून न्या, कारण किमतीत सोडलेले पैसे व्याजदर वाढवून वसूल होतात. टायरमधला नायट्रोजन, काचेवर कोरलेला नंबर, पेंट कोटिंग हे सह्यांच्या टेबलावर घुसडतात. करारातली प्रत्येक ओळ वाचा.

प्रश्न (पुणे): 12 लाखांच्या गाडीवर टीसीएस (विक्रेत्याने विक्रीवेळी गोळा करायचा आयकर) म्हणून 12,000 लावलेत. नाकारू का?

उत्तर: नाही. 10 लाखांवरच्या गाडीला हा 1 टक्का आयकर कायद्याने लागतो आणि तो तुमच्याच पॅनवर आयकर म्हणून जमा होतो. पॅन अचूक द्या, नंतर 26एएसमध्ये (तुमच्या नावे जमा कराच्या विवरणात) नोंद दिसते का ते पाहा आणि रिटर्न भरताना तेवढी रक्कम करातून वळती करा किंवा परतावा घ्या.