अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचे 2025 चे अमेरिकन फुटबॉलचे वेळापत्रक कितपत अवघड होते?

माझ्या मते बारा सामन्यांपैकी खरी कसोटी पहिल्या आणि शेवटच्या सामन्यात होती. ज्या टेक्सासला जानेवारी 2025 मध्ये विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत 28-14 असे हरवून हा संघ पुढे राष्ट्रीय विजेता ठरला, तोच टेक्सास 30 ऑगस्टला ओहायो स्टेटच्या घरी, कोलंबसमध्ये हिशेब चुकता करायला येणार होता. त्यानंतरचे ग्रॅम्बलिंग आणि ओहायो (हे ओहायो स्टेटहून वेगळे विद्यापीठ) हे सामने तुलनेने सोपे होते. 1 नोव्हेंबरला पेन स्टेटशी गाठ होती. मात्र त्याआधीचा आठवडा मोकळा असल्याने दुखापतग्रस्त खेळाडूंना सावरायला वेळ मिळणार होता. जीव अडकत होता तो 29 नोव्हेंबरच्या मिशिगनविरुद्धच्या सामन्यात, कारण त्यांच्याकडून त्याआधी सलग चार पराभव झाले होते, त्यातला शेवटचा तर घरच्या मैदानावर 13-10 असा जिव्हारी लागणारा होता, आणि 2025 मध्ये ॲन आर्बरला त्यांच्याच अंगणात खेळायचे होते.