वाचकांचे प्रश्न : मुंबईची कारंजी, ओली आणि कोरडी

प्रश्न : वीस वर्षं गिरगावात काढली, आता टोरांटोला असतो. डिसेंबरात मुंबईला येतोय. जुनी कारंजी पुन्हा वाहू लागली म्हणतात. एका फेरीत कोणती पाहता येतील? (एक वाचक, टोरांटो)

उत्तर : चार कारंजी आरामात होतात. चालणं जेमतेम दोन किलोमीटर, रमतगमत दोन-अडीच तास. सुरुवात मेट्रो सिनेमाच्या चौकातून करा. तुमच्या वेळी इथे नसलेलं फिट्झजेराल्ड कारंजं आता परत बसवलंय. 1867 चं, ओतीव लोखंडाचं. साठच्या दशकात वाहतुकीसाठी काढून ते राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ठेवलं होतं. याचं जुळं भावंड इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनला होतं, ते 1962 मध्ये पाडलं गेलं.

तिथून महापालिका मार्गाने सीएसएमटी आणि मग दादाभाई नौरोजी रोड न धरता त्याला समांतर असलेली पेरीन नरिमन स्ट्रीट, म्हणजे जुना बझारगेट, धरा. वाटेत 1882 चा बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळमनोरा लागतो, कारंज्यासकट. पारशी अग्यारीच्या थाटाचा आहे, नुसता ओलांडून जाऊ नका. पुढे मिंट रोडच्या तिठ्यावर मुळजी जेठा कारंजं. आमच्या मते फोर्टातलं सगळ्यात देखणं हेच, पण फोटो सगळे फ्लोरा फाउंटनचे काढतात. रतनसी मुळजी जेठा यांनी अकाली गेलेल्या धरमसी या मुलाच्या आठवणीत 1894 मध्ये ते बांधून घेतलं. आराखडा व्हीटी स्टेशनचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा आणि शिल्पकाम जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांचं. माथ्यावर पुस्तक घेतलेला मुलगा बसलाय. मान वर करून त्याला बघून झालं की खाली वाका आणि प्राण्यांची तोंडं एकेक करून पाहा.

शेवटी हॉर्निमन सर्कलवरून वीर नरिमन रोडने हुतात्मा चौकात या. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आणि फ्लोरा फाउंटन शेजारी शेजारी आहेत. परतायला चर्चगेट सरळ समोर.

रविवार निवडा. ऑफिसं बंद असतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत नाही. कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं. वाहतं पाणी आणि दिवे हवे असतील तर मात्र संध्याकाळ बरी. दोन्ही हवं असेल तर फेरी उलटी करा : दुपारी चारला चर्चगेटला उतरा, उजेडात दगड बघून घ्या आणि अंधार पडताना फ्लोराला परत या.

प्रश्न : फ्लोरा फाउंटनचा दगड कुठे पांढरा, कुठे काळा का? आणि इतका खर्च करूनही कारंजी अधूनमधून कोरडी का पडतात? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : दगडाचं आधी. फ्लोरा 1864 चं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पं जेम्स फोर्साइथ यांची आणि दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड, म्हणजे चुनखडी. धुरातलं गंधक ओलाव्यात मिसळलं की चुनखडीच्या पृष्ठभागाचं जिप्सम होतं. जिथे पाऊस थेट लागतो तिथे ते धुऊन जातं आणि दगड पांढरा राहतो. आडोशाला, वस्त्रांच्या चुण्यांमध्ये, कठड्याच्या पोटाखाली ते साचतं, काजळी धरून काळं कवच होतं. पावसाची झड कुठून लागते हे नुसत्या रंगावरून सांगता येतं. या दगडावर पूर्वी वर्षानुवर्षं पांढरा तैलरंग चढवला जात होता. दिसायला स्वच्छ, पण आतला ओलावा बाहेर पडेना, क्षार रंगाखाली फुलायचे आणि दगडाचे पोपडे सुटायचे. 2019 मध्ये खुलं झालेल्या डागडुजीत तो रंग उतरवला. आता कुणी ‘पुन्हा पांढरं करा’ म्हणालं तर विरोधच करावा.

कोरडेपणाची कारणं साधी असतात. आता तेच पाणी पंपाने फिरवलं जातं. काही वाऱ्याने बाहेर उडतं, काही उन्हाने आटतं, काही कुंडाच्या सांध्यांतून झिरपतं. पातळी पंपाच्या जाळीच्या खाली गेली की तो हवा ओढतो आणि तापतो, म्हणून बंद ठेवावा लागतो. दुसरं कारण तोट्यांचं. पाणी आटत जातं तसे त्यातले क्षार दाट होतात आणि बारीक भोकांत खडा धरतो. त्यात पानं, गुटख्याच्या पुड्या. एक धार तिरकी आणि बाकीच्या सरळ दिसल्या तर ती तोटी अर्धी तुंबलेली आहे. सगळ्याच धारा बुटक्या असतील तर दोष पंपात किंवा त्याच्या जाळीत शोधावा.

प्रश्न : जुन्या दगडी पाणपोया दुरुस्त झाल्यात. तिथलं पाणी प्यावं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी पाणी येतं कुठून ते पाहा. तोटी थेट पालिकेच्या लाइनवर असेल तर शहराच्या नळाला असतं तेच पाणी. वरच्या टाकीतून येत असेल तर टाकी कधी धुतली ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, त्याला पक्कं माहीत असतं. तोटीशी क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर उरायला हवं, पण टाकीत पाणी पडून राहिलं की ते उडून जातं. शंका असेल तर बाटली सोबत ठेवा आणि पाणपोई डोळ्यांनीच प्या!

बघायला सर्वांत भारी मशीद बंदरच्या भातबाजारातली केशवजी नायक यांची, 1876 ची, घड्याळाच्या मनोऱ्यासकट. विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये नळाने शहरात आलं, त्यानंतर दानशूर व्यापाऱ्यांनी अशा पाणपोया बांधल्या. अनेक ठिकाणी माणसांसाठी वर तोट्या आणि बैलाघोड्यांसाठी खाली डोणी असते. भातबाजारात मात्र रविवारी नको, कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या आत जा. नंतर हातगाड्यांतून पाऊल टाकायला जागा नसते.

प्रश्न : मोबाइलवर पाण्याचे फोटो धुरकट येतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : थेंब सुटे हवे असतील तर उन्हात, प्रो मोडमध्ये शटर 1/1000. रेशमासारखी धार हवी असेल तर संध्याकाळी 1/4 सेकंद, पण मोबाइल कठड्यावर टेकवून आणि टायमर लावून. तिवई नेऊ नका, हटकतात. आणि वारा तुमच्याकडे असेल तर आधी जागा बदला, तुषार काचेवर बसले की कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही.