पीएलसी असताना परत स्काडा कशाला लागतं?
सुरुवातीला सगळ्यांचाच यात घोळ होतो, माझाही झालेला. पीएलसी म्हणजे पंप, मशीन वगैरे आपोआप चालवणारा छोटा औद्योगिक कॉम्प्युटर; स्काडाचं पुढे सांगतो. पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकीवर लेव्हल ट्रान्समीटर (पाण्याची पातळी मोजणारं उपकरण) असतो, तो ४ ते २० मिलीअँपिअरचा सिग्नल पीएलसीला देतो, पीएलसी तो वाचून आतलं लॉजिक चालवतो आणि पंप चालू-बंद करतो, आणि हे चक्र सेकंदात कितीतरी वेळा फिरत असतं. आता ४ पासूनच का, शून्यापासून का नाही? कारण टाकी रिकामी असली तरी ४ येणारच, आणि वायर तुटली तर शून्य, म्हणजे टाकी रिकामी की वायर तुटलेली ते लगेच कळतं. मला तर ही आयडिया अजूनही भारी वाटते. स्काडा म्हणजे कंट्रोल रूममधलं सॉफ्टवेअर, स्क्रीनवर पंप, अलार्म, मागचे ट्रेंड सगळं दिसतं, सेटपॉइंटही (कुठल्या पातळीला पंप चालू-बंद व्हायचा ते आकडे) तिथूनच बदलतात. पीएलसी आणि स्काडाचं बोलणं मॉडबससारख्या प्रोटोकॉलवर (उपकरणांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) होतं, १९७९ चा आहे तो, पण अजून धडधाकट. स्काडाचा पीसी हँग झाला तरी पीएलसी आपला पंप चालवत राहतो, म्हणून ड्राय रनसारखी इंटरलॉक (म्हणजे पाणी नसताना पंप चालूच होऊ न देणारी अट) पीएलसीतच टाका, स्काडाच्या भरवशावर ठेवू नका. आणि इमर्जन्सी स्टॉप तर सरळ हार्डवायरच, म्हणजे सॉफ्टवेअरवर न सोडता थेट वायरने जोडलेला.