वाचकांचे प्रश्न : तयार डेस्कटॉपमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड

प्रश्न : माझ्याकडे एका कंपनीचा तयार डेस्कटॉप आहे. त्यातील प्रोसेसर ६५ वॅटचा आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) ३०० वॅटचा असून एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असे छापले आहे. अलीकडेच मी त्यात जीफोर्स आरटीएक्स ३०६० हे कार्ड बसवले. कार्डाला ८ पिनांची वेगळी वायर लागते. ती एसएमपीएसमध्ये नव्हती, म्हणून हार्ड डिस्कच्या साटा वायरीला जोडायचा अडॅप्टर वापरला. विंडोज नीट सुरू होते आणि व्हिडिओ चालतात. परंतु मोठा गेम सुरू केला की दोन-तीन मिनिटांत संगणक एकदम बंद पडतो. नंतर बटण दाबूनही तो सुरू होत नाही. मागची वायर काढून मिनिटभराने पुन्हा लावली की मगच चालू होतो. ड्रायव्हर पुन्हा टाकले, विंडोज नव्याने घातली, विक्रेत्याने कार्डही बदलून दिले, तरी फरक पडला नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. दोष विंडोजचा आहे, की दुसरे कार्डही खराब निघाले?

उत्तर : आपण प्रथम संगणक बंद करून तो अडॅप्टर काढून टाकावा, पुढचे सारे त्यानंतर वाचावे. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टच्या ३ पिना असतात आणि प्रत्येक पिनेतून दीड अँपिअर प्रवाह घ्यावा अशी मर्यादा आहे, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. आपले कार्ड १७० वॅटचे आहे. कार्ड ज्यात बसते तो मदरबोर्डावरील स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो आणि त्यातही १२ व्होल्टचा वाटा ६६ वॅटच असतो, त्यामुळे उरलेले सुमारे १०० वॅट त्या अडॅप्टरमधूनच ओढले जातात. अडॅप्टरला साटाची दोन टोके असली, तरी ती बहुधा एकाच वायरीवर बसतात आणि भार फिरून तिथेच येतो. अशा वेळी पिना तापतात, प्लास्टिक मऊ होते आणि प्रसंगी वितळून पेट घेते. काढलेल्या टोकावर तपकिरी डाग किंवा जळका वास आहे का, हे पाहावे. असल्यास ती साटा वायर हार्ड डिस्कसाठीही पुन्हा वापरू नये.

आता दोष कोणाचा, याकडे येऊ. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य मला वाटते ते हे, की बंद पडल्यावर वायर काढून पुन्हा लावल्याशिवाय संगणक सुरू होत नाही. विंडोज किंवा ड्रायव्हर बिघडला, तर निळा पडदा येतो, चित्र गोठते किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. त्यामुळे भिंतीतून येणारी वीज काढून घेण्याची वेळ येत नाही. एसएमपीएसमध्ये मात्र जास्त भार आल्यास स्वतःला बंद करून घेणारी संरक्षक व्यवस्था असते आणि बऱ्याच एसएमपीएसमध्ये ती एकदा लागली, की आतली साठलेली वीज उतरेपर्यंत सुटत नाही. आपला एसएमपीएस त्याचे काम चोख करत आहे, आणि तक्रार करायची ती त्याच्यावर टाकलेल्या भाराविषयी. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद अनेकांची दिशाभूल करते. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाली नव्हती. वीज का गेली, हे ती सांगत नाही. त्यामुळे तिच्या आधारे विंडोज पुन्हा टाकण्यात गेलेले आपले श्रम वाया गेले, याचे वाईट वाटते.

आपण लेबल पाहून आकडा कळवलात, हे फार चांगले केलेत, कारण एसएमपीएसवर ठळक छापलेले ३०० वॅट इथे कामाचे नाहीत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही १२ व्होल्टवर चालतात. त्या रकान्यातील १८ अँपिअरला १२ ने गुणले, की २१६ वॅट येतात, आणि आपल्याला वाटून घ्यायचे आहेत ते एवढेच. कार्डाचे १७० आणि प्रोसेसरचे ६५ मिळून २३५ होतात. पंखे, डिस्क आणि मदरबोर्ड वेगळे. शिवाय प्रोसेसरवरील ६५ हा आकडा त्याच्या मूळ वेगाचा असतो, भार वाढल्यावर घेतलेल्या टर्बो वेगात तो बराच जास्त वीज घेतो. आणि कार्डाची मागणी गेममधील दृश्यानुसार काही मिलिसेकंदांपुरती छापील आकड्याच्या बरीच वर उसळते. व्हिडिओ पाहताना कार्ड जेमतेम काही वॅट घेते, म्हणून तेव्हा सारे सुरळीत वाटते. दोन कार्डांवर तोच अनुभव आला, याचा सरळ अर्थ दोन्ही कार्डे निर्दोष असावीत. खात्री करायची असल्यास पुरेशा क्षमतेच्या दुसऱ्या संगणकात हे कार्ड लावून तोच गेम तासभर चालवून पाहावा. काही जण सॉफ्टवेअरने कार्डाची वीजमर्यादा कमी करून चाचणी करायला सांगतात. ती पद्धत एरवी उपयोगी आहे. त्या अडॅप्टरवर मात्र तीही करू नये.

मग नवा एसएमपीएस घ्यावा का? असेंबल केलेल्या संगणकाबाबत मी लगेच होकार दिला असता, आणि या कार्डासाठी चांगल्या प्रतीचा ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला असता. तयार डेस्कटॉपमध्ये आधी कॅबिनेट उघडून दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, मदरबोर्डाकडे जाणाऱ्या मुख्य वायरीला २४ पिना आहेत का. अनेक कंपन्या आपल्या मदरबोर्डावर ६, ८ किंवा १० पिनांची वेगळी जोडणी देतात आणि तिच्यात बाजारातील साधा एसएमपीएस बसत नाही. काही मॉडेलांसाठी २४ पिनांवरून बदल करणाऱ्या वायरी मिळतात, पण ती वायर आपल्याच मॉडेलसाठी बनवलेली असली पाहिजे; पिनांची संख्या जुळली म्हणजे त्यांतील व्होल्टेजही जुळले, असे होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आकार. प्रमाणित एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो, खोली १४० किंवा त्याहून अधिक. तेवढी जागा आणि स्क्रूची तीच छिद्रे आहेत का, हे पट्टीने मोजून घ्यावे.

एसएमपीएस बदललाच, तर दोन चुका टाळाव्यात, कारण त्या झाल्यास कार्ड किंवा मदरबोर्ड कायमचा जाऊ शकतो. ज्याच्या वायरी काढता-लावता येतात अशा एसएमपीएसला दुसऱ्या एसएमपीएसची वायर कधीही लावू नये. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रमाणित नाही आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असू शकते. तसेच प्रोसेसरची ८ पिनांची वायर आणि कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांतील धन आणि ऋण बाजू उलट असतात. जोर लावल्याशिवाय जी जात नाही, ती वायर त्या जागेची नव्हे.

एसएमपीएस बदलणे शक्यच नसेल, तर हे कार्ड परत करून स्लॉटच्या विजेवर चालणारे कार्ड घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबीच्या आवृत्तीला ७० वॅट लागतात. जीटीएक्स १६५० ला ७५ वॅट पुरतात, मात्र तिच्या काही मॉडेलांना ६ पिनांची वायर लागते, तेव्हा खोक्यावरील चित्र नीट पाहावे. रेडिऑन आरएक्स ६४०० ला ५३ वॅट पुरतात. पण ते कार्ड स्लॉटमधील माहितीच्या ४ मार्गिकांवरच (लेन) चालते, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या मदरबोर्डावर त्याचा वेग लक्षात येण्याइतका घटतो. काही अरुंद डेस्कटॉपांत स्लॉटची वीजमर्यादाच ७५ वॅटपेक्षा कमी ठेवलेली असते. ती संगणकाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. खरेदीपूर्वी ते पान उघडून पाहावे.

प्रश्न : जुन्या तयार डेस्कटॉपमध्ये कार्ड बसवले. पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. कार्ड काढले की मदरबोर्डाच्या जोडणीवरून सारे नीट दिसते. एसएमपीएस पुरेसा आहे आणि वायरही लावली आहे.

उत्तर : मॉनिटरची केबल कार्डाच्या मागे लावली आहे ना, हे आधी पाहावे, कार्ड सापडल्यावर अनेक संगणक मदरबोर्डावरील चित्र आपोआप बंद करतात. कार्ड काढून पुन्हा बसवताना स्लॉटच्या टोकाचा खटका लागल्याचे जाणवले पाहिजे. त्यानेही भागले नाही, तर जुन्या यंत्रात माझा संशय बायॉसकडे, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डातील प्रणालीकडे, जातो. अलीकडची कार्डे यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होण्यासाठी बनवलेली असतात आणि जुना बायॉस किंवा ‘लेगसी’ या जुन्या पद्धतीवर ठेवलेला संगणक त्यांना ओळखत नाही. म्हणून कार्ड काढून, मदरबोर्डाच्या चित्रावर संगणक सुरू करून कंपनीच्या संकेतस्थळावरील अखेरचा बायॉस टाकावा आणि मगच कार्ड पुन्हा लावावे.

लेगसीवरून यूईएफआयवर जाताना मात्र घाई करू नये. विंडोजच्या डिस्कवरील विभागांची मांडणी जुन्या एमबीआर रचनेची असेल, तर पद्धत बदलताच विंडोज सुरू होणार नाही. विंडोज १० पासून मिळणाऱ्या ‘एमबीआर२जीपीटी’ या साधनाने ती आधी बदलून घ्यावी लागते आणि त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर ठेवावी लागते. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास बायॉसमधील बदलानंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती लिहून जवळ ठेवल्याशिवाय बायॉसला हात लावू नये.

पडदा सुरुवातीला काळा राहून विंडोज आल्यावर चित्र उमटत असेल, तर प्रकरण वेगळे आहे. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीतील कार्डांवर डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ चा मॉनिटर लावल्यास असे घडू शकते आणि त्यासाठी कंपनीने २०१८ मध्ये कार्डातील फर्मवेअर (आतले मूळ सॉफ्टवेअर) सुधारण्याचे साधन दिले आहे. तोवर एचडीएमआय केबल लावून काम भागते.

प्रश्न : कार्ड बसले, चित्रही येते, पण गेम पूर्वीइतकाच अडखळतो. कार्ड काम करत आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : गेम चालू असताना टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स हे पान उघडावे. तिथे दोन जीपीयू (चित्र तयार करणाऱ्या चिप) दिसत असतील आणि भार मदरबोर्डाच्या जीपीयूवर असेल, तर केबल चुकीच्या जागी आहे किंवा विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या गेमला नवे कार्ड नेमून द्यायला हवे. भार नव्या कार्डावर असूनही तो ४०-५० टक्क्यांपुढे जात नसेल, तर कार्ड दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत आहे. तयार डेस्कटॉपमध्ये बहुधा रॅमची एकच पट्टी दिलेली असते. त्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी लावून रॅमचे दोन्ही चॅनेल (माहितीचे मार्ग) चालू करावेत. त्यानंतरही तोच आकडा राहिला, तर मर्यादा प्रोसेसरची आहे, आणि ती कोणतेही नवे कार्ड घेऊन सुटणार नाही.