ब्राउन फॅट, जेटीवरचा बर्फ आणि न्हाणीतली चूल

"ताई, मी काहीच खात नाही तरी काटा हलत नाही आणि माझी जाऊ दोन ताटं जेवते तरी काडी!" हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. हल्ली त्याला नवीन शेपूट आलंय, "माझ्यात ब्राउन फॅट कमी असेल ना?" रील्सची कृपा. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

मालवण बाजूची, तिशीच्या आतबाहेर, मुलगा दीड वर्षाचा, नवऱ्याचा मासळीचा धंदा. पहिल्या दिवशी माझं लक्ष गेलं ते तिच्या मानेवरच्या लाल चट्ट्यांकडे. म्हणे बर्फ धरते, गारठ्याने ब्राउन फॅट पेटतं आणि चरबी जळते असं रीलमधे पाहिलेलं. नवरा जेटीवरून मासळीचा बर्फ थर्माकोलच्या डब्यातून आणायचा आणि ही रोज तो फडक्यात बांधून मानेवर घेऊन बसायची, वर पहाटे उठून विहिरीच्या पाण्याने आंघोळ (आपल्याकडे विहिरीचं पाणी पहाटे कोमटच असतं, तो भाग वेगळा). सासूबाई म्हणायच्या, "थंड पाण्यात बसान बारीक होऊक झाला असता तर आमची म्हस वाळान काठी झाली असती." मला सासू मनातल्या मनात आवडली, पण ते तिला थोडंच सांगणार.

रील अगदीच खोटं नव्हतं. आपल्या अंगात दोन तऱ्हेची चरबी असते. पांढरी म्हणजे साठा. तपकिरी, म्हणजेच ब्राउन फॅट, असते ती जाळायला. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्या) खच्चून भरलेले, त्यात लोह, म्हणून रंग तसा, आणि तिथे एक खास प्रथिन असतं ज्याच्यामुळे इंधन जळतं पण काम काहीच होत नाही, नुसती उष्णता तयार होते. ही फक्त तान्ह्या बाळांत उरते असं बरीच वर्षं मानत होते, मग २००९ मधे स्कॅनवर दिसलं की मोठ्यांच्या मानेत, गळपट्टीच्या हाडाच्या वर आणि मणक्याच्या कडेने ती असते आणि गारठ्यात कामाला लागते. इथवर सगळं खरं. पण ती असते ग्रॅमच्या हिशोबात आणि पांढरी किलोंच्या. आणि आपल्याकडे तर पौषातसुद्धा पातळ चादर पुरते. एक लिटर बर्फाचं पाणी प्यालात तर ते अंगाइतकं गरम करायला जेमतेम ३७ कॅलरी लागतात, अर्धं घावनही नाही.

हे सगळं तिला सांगून झालं, तिने मान डोलावली आणि बर्फ चालूच ठेवला. माहितीने माणूस बदलत असता तर माझं दुकान कधीच बंद झालं असतं. मी पहिल्यापासून मानत आलेय की आपल्याला छळतो तो प्रसंग नाही, त्याबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो ते. म्हणून विचारलं, बर्फ मानेवर असताना मनात काय म्हणतेस? म्हणाली, "जळ एकदाची."

तिसऱ्या का चौथ्या भेटीत ती आपणहून म्हणाली, "ताई, ब्राउन फॅट म्हणजे आमच्या न्हाणीतली चूल. तिच्यावर जेवण रांधत नाहीत, नुसतं पाणी तापवतात."

मी सरळ बसले. बावीस वर्षं हे काम करतेय, पण एवढं चपखल मला सुचलं नव्हतं.

"आणि पांढरी?"

"आगोट." मग हसली. "पावसाळ्याची बेगमी. म्हणजे मी माळा रिकामा करायला न्हाणीची चूल पेटवत बसलेय."

मी सहज म्हटलं, तुझ्या बाळाकडे जन्मतः होती ही चूल, पाठीवर दोन खांद्यांच्या मधे, कारण तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही. पोटात असताना शेवटच्या महिन्यांतच तर ती तयार होते.

हसू गेलं. बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत होता. "माझा आठव्यातच झाला. नऊ दिवस वॉर्मरमधे होता. म्हणजे त्याची चूल अर्धवटच राहिली, माझ्यामुळे."

तेव्हा मला उलगडलं. वजन बाजूलाच, ही स्वतःला गारठवत होती, शिक्षा म्हणून, आणि मी इतके दिवस तिला कॅलरीचं गणित शिकवत होते!

"तू मुद्दाम लवकर जन्माला घातलंस त्याला?"

"नाही."

"दूध पाजलंस?"

"वर्षभर."

"ते कुठून आलं?"

तिने पोटावर हात ठेवला. "आगोटीतून," म्हणाली, आणि मग रडली.

आता ज्यांना हीच काळजी आहे त्यांच्यासाठी. पांढरी चरबी म्हणजे कचरा नाही, ती लेप्टिनसारखी हार्मोन्स सोडते, मेंदूला साठा किती आहे ते कळवते. भानगड होते ती साठा पोटात, आतड्या-लिव्हरभोवती वाढला की. म्हणून काट्यापेक्षा टेप बघा, बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची ९०. काडी जावेचा हेवा तर करूच नका, पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय की सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातसुद्धा चरबी भरपूर असू शकते, त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, पण चरबी एकाची २१ टक्के आणि दुसऱ्याची ९. (२१ वाले आपले!) वजन वाढतंय आणि थंडीही सोसत नाही असं असेल तर आधी थायरॉइड तपासा, माझ्याकडे नंतर या. आणि "फॅट बर्नर" गोळ्या ऑनलाइन मागवू नका, १९३० च्या दशकात अमेरिकेत डीएनपी नावाचं औषध असंच नुसती उष्णता तयार करून बारीक करायचं, त्यात अंग तापून माणसं मेली आणि ते बंद करावं लागलं.

तिचं वजन पाच महिन्यांत दोन किलो उतरलं, फार नाही. संध्याकाळी पोराला कडेवर घेऊन वाळूत चालते. मानेवरचे चट्टे गेले. थर्माकोलचा डबा परत बांगडे आणायला गेलाय, आणि सासूबाईंनी माझ्यासाठी त्यातूनच अर्धा डझन पाठवले होते.