दीर्घ साथीच्या काळात रुग्णालयातल्या स्टाफचा बर्नआउट मोजायला कोणती प्रश्नावली वापरावी आणि किती वेळा?

प्रश्नावली कोणतीही घ्या, पण आधी राजीनाम्यांची फाइल काढा.

मी अतिदक्षता विभागात नर्स होते. कोविडच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे दर तीन महिन्यांनी बर्नआउट मोजायची मास्लाकची प्रश्नावली यायची. 22 विधानं, प्रत्येकापुढे 0 ते 6, म्हणजे 'कधीच नाही' ते 'रोज'. नाव लिहायचं नव्हतं. विभाग, शिफ्ट आणि नोकरीची वर्षं मात्र लिहायची होती. नाइटला 17 वर्षं झालेली मी एकटीच. मग नाव लपलं कुठे? थकव्याच्या नऊही विधानांपुढे 1 लिहून मोकळी झाले.

खरं लिहायच्या त्या आमच्यातल्या चौघी. त्यातली एक नातेवाइकांनाही फोनवर "बेड सात स्टेबल आहे" असं सांगायला लागली होती. बेड नंबर आपसांत आम्ही सगळ्याच वापरतो, पण घरच्यांशी बोलताना? थकव्यानंतर हा कोरडेपणा येतो आणि प्रश्नावलीत त्याची वेगळी 5 विधानं आहेत. कुणी बघितलीच नाहीत. थकवा, कोरडेपणा आणि काम जमल्याची भावना, हे तिन्ही भाग एकत्र करून एकच आकडा काढायचे.

तिसऱ्या फेरीनंतर मीटिंगमध्ये आलेख दाखवला, आकडा खाली आला म्हणून टाळ्या. मी म्हटलं, "सर, येणारच. चौघी सोडून गेल्यात." तर म्हणे, "सिस्टर, तुम्हाला नेहमी निगेटिव्हच दिसतं." वर आम्हाला ध्यानाचं सत्र, तेही नाइट संपल्यावर! जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. मग दुरुस्ती ड्युटी चार्टची करायची की माझ्या श्वासाची?

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर कोपनहेगनची 19 प्रश्नांची प्रश्नावली फुकट आहे, ती चालेल. प्रत्येकाला एक गुप्त कोड द्या, म्हणजे त्याच माणसाची मागची फेरी पुढचीशी ताडता येईल. सोडून गेलेल्यांचे कोड आलेखातून गाळू नका, वेगळे दाखवा. आणि ड्युटी लावणाऱ्याच्या हाती फॉर्म देऊ नका. महिन्याला की तिमाहीला, हा मुद्दा त्यानंतरचा.

हा सगळा एका वॉर्डचा अनुभव, मोठ्या ठिकाणी ओळखलं जाण्याची भीती कमी असेल. जगणंच नकोसं वाटत असेल तर मात्र फॉर्मची वाट न बघता डॉक्टर गाठा.

चौथ्या फेरीआधी मीही सोडलं. माझे सगळे खोटे 1 गेल्यामुळे त्यांचा आकडा उलट चढला असेल.