प्रार्थना करूनही एकटं वाटतं. ख्रिस्ती विश्वासातून एकटेपणात आधार नेमका कसा मिळतो?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी परगावी एकट्याच राहता, रोज बायबलचं वचन वाचता, प्रार्थना करता, तरी रात्री खोली खायला उठते. आणि चर्चमधल्या कोणीतरी सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडतोय. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. ते साफ चूक आहे. मलाही हेच ऐकवलं होतं, बायको जाऊन दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा.

ती 2019 च्या पावसाळ्यात गेली. आम्ही नगरकडचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, धावून आली, ते मी विसरणार नाही. आठ-दहा दिवस डबे आले, रोज संध्याकाळी प्रार्थना झाली. मग जो तो आपापल्या कामाला लागला, मुलगा दोहाला परत गेला. तिच्या बायबलमध्ये तिचा चष्मा होता, खूण म्हणून ठेवलेला. तो मी काढला नाही. चष्म्यामुळे पुस्तक नीट मिटत नव्हतं, ते तसंच अर्धवट उघडं टेबलावर पडून राहिलं. रात्रीचं जेवण म्हणजे चहा आणि पाव.

अशात माझे थोरले भाऊ आले. ते मंडळीत पंच आहेत. म्हणाले, "विश्वासणारा कधी एकटा नसतो. तुला एकटं वाटतं म्हणजे तू प्रभूला जागाच दिलेली नाहीस. रोज बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हण." मी म्हणायचो. मेंढपाळ, हिरवी कुरणं, सगळं लहानपणापासून पाठ आहे. म्हणून झालं की पुन्हा घड्याळाची टिकटिक. त्यात आता आणखी एक भर, की आपलंच काहीतरी चुकतंय.

मंडळीत एक म्हाताऱ्या बाई आहेत, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या. त्या दर गुरुवारी यायला लागल्या. पिशवीत गवार असायची. टेबलावर पेपर पसरायचा आणि शेंगा मोडत बसायचं. मोतीबिंदूमुळे दिसायचं कमी, म्हणून प्रत्येक शेंगेवरून अंगठा फिरवून टोक शोधायच्या, मोडायच्या, शीर ओढायच्या. सांत्वनाचं अक्षर नाही. एका गुरुवारी म्हणाल्या, "वाच रे बाबा काहीतरी." मी तेविसावं काढलं. "ते पाठ आहे मला. अठ्ठ्याऐंशी वाच."

ते मी कधी मन लावून वाचलंच नव्हतं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही. तो माणूस रात्रंदिवस आरोळी मारतो, देवाला सरळ विचारतो की तू तोंड का लपवतोस, मित्र दूर गेले म्हणतो, आणि अंधारावरच थांबतो. मी वाचून थांबलो, पुढे काहीतरी असेल म्हणून पान उलटलं. तर एकोणनव्वदावं सुरू. मावशी "आमेन" म्हणाल्या आणि शेंगा माझ्याकडे सरकवल्या. "टाक फोडणीला. दोघं जेवू."

कित्येक दिवसांनी घरात फोडणीचा वास आला. मी स्वयंपाकघरात उभा राहून खूप रडलो.

दादांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देतो. बायबलमधल्या पहिल्या राजांच्या पुस्तकात, 19 व्या अध्यायात, एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येऊन काय करतो? उपदेश करतो? नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो, ऊठ, खा म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. त्याला झोपू दिलं जातं. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं जातं. पुढे होरेब डोंगरावर तो दोनदा म्हणतो, मी एकटाच उरलोय. तेव्हाही देव त्याला तुझा विश्वास कमी आहे असं म्हणत नाही. काम देतो, सात हजार जण अजून आहेत म्हणून सांगतो, आणि बारा जोड्या बैलांनी नांगरणाऱ्या अलीशाकडे पाठवतो. म्हणजे सोबतीला माणूस देतो. आणि गेथशेमाने बागेत, पकडलं जाण्याआधीच्या रात्री, खुद्द प्रभू येशूने शिष्यांना माझ्याबरोबर जागे राहा अशी विनवणी केली. त्याचा विश्वास कमी होता का, दादा?

मावशी पंडिता रमाबाईंचं सांगतात. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. मधल्या काळात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. दुःख संपलं म्हणून नव्हे, हातात काम होतं म्हणून, असं मावशींचं म्हणणं.

तर तुम्हाला माझं सांगणं: एकटीने वाचन वाढवू नका. आठवड्यात एक वार ठरवा आणि मंडळीतल्या एखाद्या अशा घरी जा जिथे तुमच्यासारखंच कोणी एकटं आहे. मोठ्याने वाचा, तिथेच जेवा. मावशींना आता जिना चढवत नाही, त्यामुळे गुरुवारी मी जातो. देवाशी बोलताना चांगलं वाटून घ्यायची सक्ती नाही, राग असेल तर रागच बोला.

हे आधी लिहायला हवं होतं: झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. मानसिक त्रासासाठी टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. तुम्ही कॅथलिक असाल तर माळेच्या प्रार्थनेबद्दल तुमच्याकडचं कोणी जास्त चांगलं सांगेल, माझा तो अनुभव नाही.

चर्च बदलावं का, असंही विचारलंय. एका माणसाच्या बोलण्यावरून बदलू नका. पण पाळक साहेबही तेच बोलत असतील, तर बदला.